रजेवर आलेल्या फौजी भावाला ११ दिवसांत स्पर्धेला उभं करतायत. नाही कसं म्हणावं?

तेरणेची_लेक

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. धाकटा भाऊ पायदळात हवालदार आहे. युनिट, ठिकाण, साहेबांची नावं लिहिणार नाही, कुणी विचारूही नका.

आठ महिन्यांनी तो रजेवर आलाय. भावजय बाळंत झाली, पहिलं लेकरू. पुढच्या मंगळवारी बारसं. आत्या मीच, त्यामुळे नाव ठेवायचा मान माझा. मृग निघायच्या आत रान तयार करायचंय आणि आण्णांचे गुडघे पार गेलेत. एवढ्यासाठी त्याने रजा साठवून ठेवली होती.

रविवारी रात्री जेवताना कंपनी हवालदार मेजरांचा फोन आला. ब्रिगेडमध्ये सर्वोत्तम सेक्शन कमांडरची (सेक्शन म्हणजे दहा जवानांची तुकडी) स्पर्धा आहे, प्रत्येक बटालियनकडून एकच नाव जातं. ज्याचं नाव गेलं होतं तो तीन महिने तयारी करत होता, त्याचा घोटा मुरगळला. "तेरा नाम दे दिया है. ग्यारह दिन हैं, हो जाएगा." भाऊ ताटावरून उठून "जी, जी" म्हणाला आणि परत येऊन बसला तो जेवलाच नाही.

११ दिवसांतले दोन रेल्वेत जाणार. उरले नऊ. त्यात पाठीवर पिट्टू, म्हणजे सामानाने भरलेली फौजी पिशवी, आणि हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर धावणं, फायरिंग, नकाशा वाचन, रात्री कंपासवर चालणं, सँड मॉडेलवर, म्हणजे जमिनीवर मांडलेल्या नकाशावर, उभं राहून हुकूम देणं आणि शेवटी अधिकाऱ्यांपुढे मुलाखत. आणि हा गेले आठ महिने कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत रजिस्टरं सांभाळतोय.

मला राहवत नाही ती गोष्ट पुढची आहे. फोनचं चुलत्यांना कळलं, चुलत्यांकडून गावाला कळलं. गावच्या ग्रुपवर भावाचा वर्दीतला फोटो आणि अभिनंदन. अजून काही झालेलंच नाही, अभिनंदन कशाचं? एकाने फ्लेक्सला फोटो मागितला. दोन माजी सैनिक घरी येऊन "गावाचं नाव काढ" म्हणून गेले. आणि खरं सांगते, पहिल्या रात्री मीही म्हणाले, "जा की, असा चान्स परत येतो का."

सोमवारी पहाटे पाचला तो माझ्या पोराच्या दप्तरात चार विटा घालून तेरणेच्या रस्त्याला पळायला गेला. तीन किलोमीटरवरून परत आला. ओट्यावर बसला तर हात थरथरत होते. भावजयीने लेकरू पुढे केलं, त्याने घेतलं नाही. म्हणाला, "थांब, हातातून सुटंल."

मला विचारायचंय ते एवढंच: हा हुकूम असतो की विनंती? आणि नाही म्हटलं तर पुढे त्याचं वाईट होतं का? जाणकारांनी सांगावं.

माजी_सुभेदार

आक्का, राम राम. २६ वर्षं नोकरी केली, आता उदगीरला असतो.

कटू वाटेल, पण लिहितो. फौजेत नोटीस नसते. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, गरज पडली की परत बोलावतात, हे सही करतानाच माहीत असतं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या नाईक यशवंत घाडगेंना कुणी ११ दिवस दिले होते का? १० जुलै १९४४, इटलीत टायबरचं वरचं खोरं. त्यांच्या रायफल सेक्शनवर मशीनगन सुरू झाली आणि ते सोडून सगळे पडले. गडी एकटा धावत गेला. आधी ग्रेनेड, मग टॉमीगन, आणि मॅगझीन बदलायला वेळ नव्हता तर तीच बंदूक उलटी धरून झोडपलं. तिथेच शत्रूच्या गोळीने गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सेक्शन कमांडर म्हणजे हे.

तुमच्या भावावर कंपनीने विश्वास टाकलाय. शंभर जणांतून नाव निघतं ते उगाच नाही. मन घट्ट करून जाऊ द्या. बारसं काय, सुट्टीत परत आल्यावर करता येतं.

हिंगोलीची_फौजीण

सुभेदार साहेब, मान राखून बोलते. माझे मालक १९ वर्षं फौजेत आहेत. बारसं, जावळ, शाळेचा पहिला दिवस, सगळं "परत आल्यावर" म्हणत निघून गेलं. सीमेवर गरज होती तेव्हा मी एका शब्दाने अडवलं नाही. मे महिन्याच्या उन्हात सातव्या महिन्याची मी त्यांना पूर्णेच्या स्टेशनावर सोडून आलेय. पण स्पर्धा म्हणजे लढाई नाही. दोन्हीला एकच माप लावू नका. नाहीतर रोजच लढाई म्हणायची आणि घराने रोजच गप्प बसायचं.

आक्का, तुम्ही भावजयीला विचारलं का तिला काय वाटतं? तुमच्या पोस्टमध्ये ती एकदाच दिसते, लेकरू पुढे करताना.

तेरणेची_लेक

फौजीण ताई, नव्हतं विचारलं. आत्ता जाऊन विचारलं. म्हणाली, "ते मनानं जात असतील तर मी डबा बांधून देते. पण रात्री झोपंत 'जी साब, जी साब' करायलेत." एवढंच बोलली आणि लेकराकडे वळली.

मैदान_परभणी

मी पोलीस आणि सैन्य भरतीची पोरं तयार करतो. धावण्याचं बोलतो, बाकी मला कळत नाही.

आठ महिने सुटलेला दम नऊ दिवसांत येत नाही. हलक्या धावण्यापासून सुरू करून आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, पूर्ण वजन पाठीवर द्यायचं ते चौथ्या-पाचव्या आठवड्याला. भरतीची तारीख अचानक लागली की पोरं काय करतात ते दरवर्षी बघतो. सकाळ-संध्याकाळ दुप्पट पळतात आणि नडगी धरून बसतात. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर गेली की सहा ते आठ आठवडे मैदान बंद. जो आधी पडला त्याचा घोटा गेलाय ना? मग दुसऱ्याची नडगी जायची वाट बघू नका.

आणि दप्तरात विटा घालून पळणं आजपासून बंद. विटा पाठीवर हलतात, मणक्यावर आदळतात. पिट्टू अंगाला घट्ट बसतो, त्यात आणि ह्यात फार फरक आहे.

गोदाकाठचा_डॉक्टर

वरच्या मुद्द्यात भर घालतो, कारण ही माहिती घरच्यांना असायला हवी.

सवय नसताना एकदम अतोनात श्रम केले, त्यात ऊन असलं, की स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांतला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात अडकून बसतो. लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद होते, मांड्या-पोटऱ्या ताठरतात. असं दिसलं तर घरी लिंबू सरबत पाजत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. वेळेत सलाईन लागलं तर बहुतेक माणूस सुखरूप बाहेर येतो, उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येते. तरुण, धडधाकट माणसालाही होतं. उलट जास्त करून त्यांनाच, कारण ते थांबत नाहीत. मागे कुणीतरी उभा असेल तर अजिबातच थांबत नाहीत.

उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात, तेही रोज थोडं थोडं वाढवत गेलं तर. मनाची जिद्द कितीही असली तरी घाम येण्याची पद्धत आणि रक्तातलं पाण्याचं प्रमाण बदलायला तेवढे दिवस द्यावेच लागतात.

कोतवाला

मी नोकरीत आहे, म्हणून नाव-गाव नाही. दुसरी बाजू सांगतो. मला पाच दिवस आधी सांगितलं होतं, अशाच स्पर्धेला. माझीही तयारी नव्हती. गेलो, नंबर आला नाही, पण त्यानंतर कंपनीत लोक माझं ऐकायला लागले. स्वतःला मी किती कमी समजत होतो ते तिथे कळलं. कुणी ढकललं नसतं तर मी आजही मागच्या रांगेत असतो.

पण एक फरक आहे. मला प्लॅटून कमांडर साहेबांनी चहाला बसवून विचारलं होतं. "डर लग रहा है?" म्हणाले. मी हो म्हणालो. मग ते स्वतः पाच दिवस पहाटे माझ्याबरोबर पळाले. फोनवर "नाम दे दिया है" नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. रजेवरून परत बोलावलं तर तो हुकूम, तिथे मागे-पुढे नाही. रजा संपल्यावर किंवा परवानगीशिवाय घरी बसून राहणं हा तर आर्मी ॲक्टखाली गुन्हाच. म्हणून "तब्येत बरी नाही" वगैरे खोटं कारण चुकूनही कळवू नका, मेडिकल कागद तपासले जातात. पण स्पर्धेसाठी नाव देण्याआधी माणसाची तयारी विचारतात, आणि अडचण असेल तर सांगायला रस्ता आहे. हवालदार मेजरांना नको. त्यांना वरून कुणीतरी "शाम तक नाम दो" म्हटलेलं असणार, त्यांनी पहिलं चांगलं नाव दिलं. कंपनीतल्या सीनियर जेसीओ, म्हणजे सुभेदार दर्जाच्या साहेबांना फोन करायचा आणि कंपनी कमांडरची इंटरव्ह्यू, म्हणजे भेट मागायची. रजेवर असला तरी फोनवर बोलता येतं.

एसीआरची, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालाची भीती असेल, कारण नायब सुभेदाराच्या बढतीला ती बघतात. माझा अनुभव असा की खरं कारण वेळेत सांगितल्याने एसीआर बिघडत नाही. होकार देऊन ऐन वेळी अर्ध्या रस्त्यात बसलेल्या माणसाची बिघडते.

एनसीसी_नांदेड

मी कॉलेजात शिकवतो आणि एनसीसीचं काम बघतो. हा धागा वाचून दोन दिवस बेचैन आहे, कारण मी स्वतः हे केलंय.

दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरासाठी निवड महिनोन्महिने चालते. बटालियन, मग ग्रुप, मग संचालनालय, एकामागून एक शिबिरं. आमची एक मुलगी तापाने पडली. तिच्या जागी मी दुसरीला चार दिवस आधी उभं केलं. ड्रिल चांगलं होतं तिचं, म्हणून. तिने विचारलं, "सर, मला जमेल का?" मी म्हणालो, "जमवायचं असतं." घरी तिच्या आईचं ऑपरेशन होतं, हे मला तीन महिन्यांनी दुसऱ्याकडून कळलं. शिबिरात ती मुलाखतीला एक शब्द बोलू शकली नाही. परत आल्यावर तिने वर्दी धुऊन, इस्त्री करून, घडी करून ऑफिसात आणून ठेवली. मी तिला "परत ये" म्हणालो तेव्हा ती फक्त हसली.

त्या घडीवर बेल्ट गोल गुंडाळून ठेवला होता, बक्कल ब्रासोने चमकवलेलं. अजून डोळ्यांपुढे येतं.

एक आणखी सांगतो. अमेरिकेच्या सैन्यात सार्जंट लोकांसाठी ऑडी मर्फी या दुसऱ्या महायुद्धातल्या त्यांच्या गाजलेल्या सैनिकाच्या नावाचा एक मानाचा क्लब आहे. १९८६ साली टेक्सासमध्ये फोर्ट हूडला सुरू झाला, १९९४ मध्ये सगळ्या सैन्याला लागू झाला. त्यात शिरायला वरिष्ठांची शिफारस लागते आणि मग मंडळापुढे मुलाखत. त्या मुलाखतीत नुसती शस्त्रांची माहिती विचारत नाहीत. तुमच्या हाताखालच्या जवानाच्या घरी अडचण आहे, पैशाची, बायकोच्या आजारपणाची, तर तुम्ही काय कराल, असे प्रसंग घालतात. माणसाची काळजी घेणं हाच नेतृत्वाचा गाभा धरलाय. मग ज्याला नेतृत्वाच्या मानासाठी उभं करायचं, त्याच्याच घरची अडचण कुणी विचारू नये?

माजी सुभेदार साहेब, यशवंत घाडगेंबद्दल तुम्ही लिहिलंत ते शब्दन् शब्द खरं. पण ते ज्यांच्यासाठी धावले ती माणसं त्यांची होती. रोज त्यांच्याबरोबर जेवलेली, झोपलेली. आक्कांचा भाऊ आठ महिने रजिस्टरांत आहे, त्याची सेक्शन आज त्याच्या हाताखाली आहे तरी का?

माजी_सुभेदार

सर, तुमचं वाचून थोडा वेळ बसून राहिलो.

मी सीनियर जेसीओ होतो तेव्हा मीही नावं दिली अशी. संध्याकाळपर्यंत नाव द्या म्हटलं की समोर जो "जी साब" म्हणणारा असेल त्याचं जायचं. नाही म्हणणारे वाचायचे, भले पोरगे अडकायचे. हे खरं आहे आणि ते बरोबर नव्हतं. बारसं नंतर करा म्हणालो ते मागे घेतो, फौजीण ताईंनी वाईट वाटून घेऊ नये. माझ्या थोरल्याच्या बारशाला मी नव्हतो. बायकोने ते एकदाही काढलं नाही, म्हणून मला ते कधी कळलंच नाही.

आक्का, भावाला म्हणावं, सीनियर जेसीओ साहेबांना सकाळी पीटीनंतर फोन कर. रात्री नको, तेव्हा माणूस दिवसभराच्या कटकटीने वैतागलेला असतो. "नहीं होगा" ने सुरुवात करू नको. आपली हालत सांग: कोत ड्यूटी किती महिने, शेवटची फिजिकल टेस्ट कधी, घरी काय कार्यक्रम, तारीख. आणि दुसरं नाव असेल तर तेही सांग. रिकाम्या हाताने नाही म्हणू नये. आणि गावच्या त्या दोघा माजी सैनिकांना माझा नंबर द्या, मी बोलतो. खासगीत पाठवलाय.

तेरणेची_लेक

मंडळी, उशिरा लिहितेय, घरात पाहुणे आहेत.

परवा रात्री सगळा धागा भावाला वाचून दाखवला. डॉक्टरांचं आणि परभणीच्या सरांचं ऐकून काही बोलला नाही, दप्तरातल्या विटा मात्र उठून काढून ठेवल्या. "दुसरं नाव" हा शब्द आला तेव्हा मान वर केली.

त्याच्या जुन्या सेक्शनमध्ये एक नाईक आहे. घोटा मुरगळलेल्या हवालदाराबरोबर तीन महिने रोज पळत होता, सोबत म्हणून. त्याच्या सँड मॉडेलला लाकडाचा भुसा रंगवून द्यायचा, रात्री कंपासवर त्याच्या मागे मागे चालायचा. मोजलेली पावलंही त्यानेच लक्षात ठेवायची. तयारी त्या हवालदाराइतकीच ह्याची झालेली. पण तो बोलत नाही, पुढे येत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानातच आला नाही. भाऊ म्हणाला, "आक्का, मला तरी कुठं आठवला? मी माझ्याच भीतीत होतो."

काल सकाळी आठच्या सुमाराला फोन केला. सुभेदार साहेबांनी सांगितलं त्याच क्रमाने बोलला. मी चुलीपाशी उभी होते, सगळं ऐकू येत होतं. पलीकडचे साहेब आधी चिडले, "अब बोल रहा है?" म्हणाले. भावाने ऐकून घेतलं आणि मग बारशाची तारीख सांगितली. पलीकडे एकदम शांत. त्यांना लेकरू झाल्याचंच माहीत नव्हतं. रजेच्या अर्जावर नुसतं "घरगुती काम" लिहिलेलं! ह्यात चूक आमचीही आहे. फौजेतला माणूस घरचं काही सांगतच नाही आणि मग कुणी विचारलं नाही म्हणून कुढत बसतो.

दुपारी कंपनी कमांडर साहेबांचा स्वतःचा फोन आला. दोनच प्रश्न विचारले. तुझ्या मनात आहे का, आणि नाईक तयार आहे असं तू स्वतःच्या जबाबदारीवर सांगतोस का. पहिल्याला "इस बार नहीं साब, अगली बार मैं खुद नाम दूँगा" म्हणाला. दुसऱ्याला "जी साब" म्हणाला, आणि ते "जी साब" रविवारच्यासारखं नव्हतं. स्पर्धेला हवालदारच हवा असं काही नाही, सेक्शन सांभाळणारा नाईक चालतो असं साहेबच म्हणाले. नाईकाला त्यांनी बोलावून विचारलं. तो हो म्हणाला.

चुलते अजून फुगून आहेत. फ्लेक्सचे पैसे दिले होते म्हणे. गावच्या ग्रुपवर मीच लिहिलं की भाऊ जात नाही, त्याच्या सेक्शनचा जवान जातोय, शुभेच्छा त्याला द्या. दोन जणांनी "घाबरला का?" विचारलं. मला फार लागलं ते. भावजयीने वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला.

कोतवाला

उत्तम झालं. "घाबरला का" विचारणाऱ्यांना उत्तर देऊ नका. साहेबांना फोन लावून खरं सांगायला जेवढं काळीज लागतं ते ज्याने लावलाय त्यालाच माहीत.

नाईकाला आता मोकळं सोडा, भावाने रोज "तयारी झाली का" विचारू नये. नाहीतर तोच दाब दुसऱ्याच्या डोक्यावर गेला.

हिंगोलीची_फौजीण

बारशाला काय नाव ठेवताय? सांगायचं नसेल तर नका सांगू, पण घुगऱ्या आमच्या वाटणीच्याही वाटा.

तेरणेची_लेक

नाव आत्याच्या पोटात आहे ताई, मंगळवारी लेकराच्या कानात सांगेपर्यंत बाहेर निघायचं नाही. घुगऱ्या मात्र नक्की.

कोतवाले दादा, तुमचा मुद्दा भावाला सांगितला. तो म्हणाला, मी फोन करणार नाही. पण काल रात्री साडेनऊला नाईकाचाच व्हिडिओ कॉल आला. सँड मॉडेलवर हुकूम देताना त्याचा क्रम चुकत होता. जमीनी निशान (जमिनीवरच्या खुणा) झाले की हा एकदम तरीक्यावर, म्हणजे कसं करायचं त्यावर उडी मारायचा, मधली खबर (शत्रूची आणि आपली माहिती) आणि मकसद (काम काय) राहून जायचं.

भावाने अंगणात लाईट लावली. बारशासाठी आणलेली रांगोळी होती, तिच्यातली हिरवी मुठीने ओतून शेत केलं, निळीचा ओढा ओढला, हळदीने पायवाट. मृगासाठी आणलेल्या बियाण्याच्या पिशवीतले सोयाबीनचे दाणे घेऊन दहा जणांची सेक्शन मांडली. आण्णा खाटेवरून म्हणाले, "बी हाय रे ते, मोजून परत घाल." मोबाईल मी वरून धरला होता. भाऊ बोलत नव्हता, नुसता दाण्यावर बोट ठेवायचा आणि पलीकडून नाईक सांगायचा, हा दाणा कोण, कुठून निघणार, त्याला काय दिसणार. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत आला, "कोई शक?" म्हणाला, आणि भाऊ म्हणाला, "नहीं."

मग लेकरू रडलं. भाऊ हात झटकून उठला, हाताला हळद आणि हिरवा रंग तसाच, आणि तसंच घेतलं त्याने. दुपट्यावर पाच बोटं उमटलीत. भावजय म्हणते, धुवायचं नाही.